मामांचा अर्धा पिक्चर

डावा हात कानावर, उजव्या हातात बोर्डाचा, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसचा कागद आणि मान जरा वर, जणू समोरच्या डोंगरावर कुणी उभं आहे. मामा, म्हणजे आमच्या कोर्टाचे शिपाई, दारात असे उभे राहिले की आम्ही बाहेरचे सगळे हातातलं काम थांबवायचो. चहावाला स्टोव्ह बारीक करायचा, मी टायपिंग थांबवायची. मग पुकारा यायचा. नाव, बापाचं नाव, आडनाव आणि शेवटी, "हाजिर हाय का?" असं तीनदा.

तो आवाज कुठल्या सरकारी प्रशिक्षणात शिकवलेला नव्हता. मामांच्या सात पिढ्या मेंढरांमागं गेल्या. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या भावाला हाक मारायची तर घसा तसाच लागतो. एस्टी स्टँडवर बसलेला पक्षकार मामांची हाक ऐकून वडापाव अर्धा टाकून पळत यायचा. मंचरचे व्यापारी म्हणायचे, या माणसाला मार्केटात लिलावाला ठेवा, कांदा आपोआप चढेल.

कोर्ट कुठलं ते मी सांगणार नाही. जुन्नर म्हटलं तर आंबेगाववाले म्हणतील आमचं का नाही, आंबेगाव म्हटलं तर जुन्नरकर रुसतील, आणि माझं टेबल दोन्हीकडच्या पक्षकारांवर चालतं. आमच्या घराण्यात पूर्वी हातानं कागद बनवायचे. जुन्नरात अजून आम्हाला कागदी म्हणतात. आजोबांनी कागद बनवला, मी तोच कागद नासवते. अर्ज, प्रतिज्ञापत्र, तारीख वाढवून मिळण्याबाबत विनंती. यातली तिसरी चीज सगळ्यात जास्त खपते. चिंचेखाली खुर्ची, टेबल, लॅपटॉप, प्रिंटर, आणि समोर कोर्टाची पायरी. वीस वर्षं मी मामांना तिथून बघितलं.

खरं तर मामा पिक्चर बघणारे नव्हते. पण एका रविवारी दुपारी त्यांनी घरी टीव्हीवर हिंदीत केलेला एक इंग्रजी पिक्चर बघितला आणि सोमवारी सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. टोपी हातात.

"ताई, तुमी लई वाचता. एक सांगा. काळा मानूस सुटला का?"

"कोण काळा माणूस? कुठल्या केसमधला?"

"आपल्याकडचा न्हाई. अमेरिकेतला."

मग गोष्ट बाहेर पडली. तिकडच्या कुठल्याशा खेड्यात एक लाकूडमिलवाला गोरा मालक. त्याच्या पोरानं एका काळ्या सुताराच्या धाकट्या भावाला गाडीखाली घालून मारलं. कोर्टात ती केस चहा निवायच्या आत संपली, मालकाचा पोरगा सुटला. सुतारानं मग बंदूक घेतली आणि त्या पोराला कोर्टाच्याच पायरीवर उडवला. आता खटला सुतारावर. फाशीच व्हायची. वकील मिळाला तो एक म्हातारा, दारूनं वाया गेलेला. निकाल द्यायला बारा पंच बसवलेले, बाराच्या बारा गोरे.

"पंच तर आपल्याकडं बी तसंच असत्यात की," मामा म्हणाले. "पंचनाम्याला उभं ऱ्हायला गावात एक बी गरीब सापडत न्हाई."

म्हातारा वकील शेवटी जे काही बोलला त्यानं म्हणे पिक्चरमधले लोक रडले, मामा रडले, मामांची बायको भाकरी थापायची थांबली. मग पंच आत गेले. बाहेर आले. एक पंच हातात चिठ्ठी घेऊन उभा राहिला, त्यानं तोंड उघडलं, आणि लाइट गेली.

"आली कधी?" मी विचारलं.

"संध्याकाळी साडेसहाला. तवा टीव्हीवर कुकर विकत व्हते."

मी हसले. आता तुम्हीही हसला असाल, हसा. पण मामा हसत नव्हते. ते का हसत नव्हते हे कळायला त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती तालुक्याला ठाऊक होती.

भावाचं नाव धुळा. आडनाव मी लिहीत नाही. आडनाव लिहिलं की तुम्ही पुढची ओळ वाचायच्या आत जात लावून मोकळे व्हाल, आपली सवय मला माहीत आहे. राजुरीच्या पुढच्या माळावर या दोघा भावांचं घर. मामा शिकले आणि शिपाई झाले, धुळानं मेंढरं सांभाळली. दिवाळी झाली की कळप घेऊन नाणेघाट उतरायचा, उन्हाळ्यात परत वर यायचा. वाटेत शेतकरी त्याला रानात मेंढ्या बसवायला बोलवायचे. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडीखत मिळतं, त्या बदल्यात धान्य द्यायचं. हा व्यवहार तोंडी. ज्याला आधी शब्द दिला त्याचं रान आधी.

त्या वर्षी धुळानं एका दोन एकरवाल्या म्हातारीला शब्द दिला होता. नदीकाठचे एक बडे बागायतदार, ज्यांना सगळे अण्णासाहेब म्हणतात, त्यांनी निरोप पाठवला की कळप आधी माझ्या रानात. धुळा म्हणाला, म्हातारीचं झालं की येतो. अण्णासाहेबांना आयुष्यात कुणी "झालं की येतो" म्हटलेलं नव्हतं. दोन दिवसांनी मेंढ्या पाणी प्यायल्या त्या पाटात कुणीतरी फवारणीचं औषध ओतलेलं होतं. निम्मा कळप सकाळपर्यंत ताठ झाला.

धुळानं फिर्याद दिली. ती दोन तारखांत निकाली निघाली. पुरावा नाही, पाणी वाहून गेलं. मग एका दुपारी धुळानं अण्णासाहेबांची कांदा साठवायची बराख पेटवली आणि तिथंच धुरात बसून राहिला, पोलीस येईपर्यंत. त्या केसला मात्र पुरावा भरपूर होता. म्हणून ती सतरा वर्षं चालली.

आणि ती चालली आमच्याच कोर्टात. म्हणजे दर तारखेला सख्ख्या भावाला आरोपी म्हणून पुकारायचं काम मामांचं. मामांनी बदलीचा अर्ज केला होता, मीच टाइप करून दिला होता. तो विचाराधीन होता. मामा निवृत्त झाले तेव्हाही तो विचाराधीनच होता. अजून असेल.

आता कळलं ना, मामा का हसत नव्हते ते? त्यांच्या हिशेबानं गणित सोपं होतं. तिकडच्यानं माणूस मारला, आमच्या धुळानं तर कांदा जाळला. तो सुटला असेल तर हाही सुटेल. आणि तो लटकला असेल तर? तेवढ्यासाठी मामा अख्ख्या कोर्टाला विचारत सुटले.

बार रूममध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. दिवाणी दावे चालवणारे वकील म्हणाले, "निकाल राखून ठेवला असणार." दुसरे म्हणाले, "सुटला तरी काय, वरच्या कोर्टात अपील पडलंच असेल." अण्णासाहेबांचे वकील गोड हसून म्हणाले, "मामा, असल्या गोष्टी आपसात मिटवायच्या असतात." हवालदार म्हणाला, "साक्षीदार फितूर, दुसरं काय!" एकानंही असं म्हटलं नाही की पंचांनी खरं-खोटं बघितलं असेल आणि न्याय दिला असेल. इतक्या शिकलेल्या लोकांपैकी एकालाही ते सुचलं नाही बघा.

पिक्चरचं नाव मामांना माहीत नव्हतं, ते टीव्हीपुढं बसले तेव्हा नावं येऊन गेली होती. त्या वाहिनीवर सगळ्या पिक्चरना बदला, इन्साफ, कानून यातलेच दोन शब्द उलटसुलट करून लावतात. मी मोबाइलवर शोधून थकले.

पण मामांनी त्या अर्ध्या पिक्चरमधून एक गोष्ट उचलली, आणि तिनं कोर्टात आग लावली. त्यांनी मला सांगितलं, "ताई, त्यात सगळे गोऱ्याला मिस्टर म्हनत्यात. काळ्याला नुसतं नाव. पोलीस, जज, त्याचा सोताचा वकील बी. आन शेवटी तो म्हातारा वकील त्याला म्हनतो, मिस्टर अमुक, उभं ऱ्हावा. तवा तो सुतार असा बघतो ना..." त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. मग म्हणाले, "तिकडं कातडं बघत्यात. आपल्याकडं आडनाव. बाकी पिक्चर एकच."

पुढच्या तारखेपासून मामांचा पुकारा बदलला. आधी कागदावर असेल तसं पुकारायचे. कागदावर बड्यांना साहेब असायचं, बाकीच्यांना "उर्फ". पोलिसांनी धुळाचं नाव "धुळ्या" असंच लिहिलं होतं आणि इतकी वर्षं तेच चालत आलं होतं. त्या दिवशी मामांनी कानावर हात ठेवला आणि अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"श्री. धुळाजी बाबाजी... हाजिर हाय का?"

धुळा चिंचेखाली घोंगडीवर बसला होता. त्यानं मागं वळून बघितलं, आणखी कुणी धुळाजी आलाय का म्हणून. मग त्याचा चेहरा जो झाला तो मी बघितला. मला राग येतो तेव्हा मी तो चेहरा आठवते.

लगेच फिर्यादीला पुकारलं. त्यांनाही श्री. नाव, बापाचं नाव, आडनाव. साहेब गळलं होतं.

अण्णासाहेबांनी चार दिवसांत तक्रार केली. तुम्हाला वाटेल साहेब गाळलं म्हणून. छे! तेवढं त्यांनी सोसलं असतं. तक्रारीत त्यांनी लिहिलं होतं की मला आणि आरोपीला एकाच दमात, एकाच आवाजात श्री म्हटल्यानं माझी समाजातली प्रतिष्ठा कमी झाली. माझ्याकडंच टाइप करायला आली होती ती. काय करणार, धंदा आहे, केली. मग मामांना कारणे दाखवा नोटीस निघाली, आणि तिचं उत्तरही माझ्याकडंच टाइप करायला आलं. ते मात्र मी फुकट आणि मन लावून केलं. त्यातलं एक वाक्य अजून बार रूममध्ये म्हणून दाखवतात: "आरोपीसही श्री म्हटल्याने अर्जदाराचे नेमके किती श्री कमी झाले, याचा तपशील अर्जात दिलेला नाही."

तेव्हा कोर्टात एक नवीन जज मॅडम आल्या होत्या. त्यांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "पुकारा सगळ्यांचा सारखाच होईल." नोटीस फाइलला लागली. त्या दिवसापासून कोंबडीचोर, दारूवाला, सातबाऱ्यावरून भांडणारे भाऊ, सगळे श्री झाले. पाचघर-घाटघरकडच्या बाया पहिल्यांदा "श्रीमती" ऐकून पदर सावरून उठायच्या. एका अट्टल पाकीटमारानं मला येऊन सांगितलं, "ताई, या कोर्टात यायला बरं वाटतं."

तारखा पडत राहिल्या. साक्षी संपल्या. युक्तिवाद संपला. मॅडमनी निकालाची तारीख दिली आणि मामा आठवडाभर जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. धुळा कोकणात होता. निकालाला वर येतो म्हणाला होता.

तो आला नाही. घाटाखालीच, कळप वर चढवायच्या आदल्या दिवशी छातीत कळ आली आणि गेला. पलीकडच्या जिल्ह्यात.

निकालाच्या दिवशी मामा काळी फीत न लावता, नेहमीच्या पांढऱ्या कपड्यांत कामावर आले. त्यांनी मॅडमना सांगितलं, आरोपी मयत आहे. पण कोर्टाला तोंडी सांगून माणूस मरत नाही. दाखला लागतो, पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. दाखला पलीकडच्या जिल्ह्यातून यायचा, अहवाल अलीकडच्या ठाण्यातून जायचा, आणि दोन्ही वाटेत एकमेकांची वाट बघत होते. तोवर बोर्डावर नाव आहे म्हणजे पुकारा व्हायलाच हवा. वीस वर्षं मी या कारभारावर पोट भरलं, पण त्या दिवशी मला त्याची शिसारी आली.

मॅडमना बिचाऱ्यांना कळत होतं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मामा, हे नाव तुम्ही नका पुकारू. दुसऱ्या शिपायाला सांगते."

मामा म्हणाले, "नगं मॅडम. दुसरा त्याला श्री म्हनायचा न्हाई."

आणि ते दारात येऊन उभे राहिले. डावा हात कानावर. तीन तारखा, दर तारखेला तीनदा, मेलेल्या भावाला त्यांनी नाव, बापाचं नाव, आडनाव घेऊन बोलावलं. तो आवाज पायरीवरून निघायचा, चिंचेवरून जायचा, स्टँडवरून जायचा. चहावाला स्टोव्ह बंद करून रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचा. तिसऱ्या हाकेनंतर मामा आत जाऊन नियमाप्रमाणं सांगायचे, "गैरहजर."

चौथ्या तारखेला कागद जुळले. रोजनाम्यात एक ओळ आली: आरोपी मयत, सबब प्रकरण समाप्त. निकाल लिहून तयार होता म्हणे. तो फाइलमधून काढून टाकला. त्यात काय होतं हे मॅडमशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि मॅडमची पुढं बदली झाली.

मामा बाहेर आले. माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "पुन्हा लाइट गेली."

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. नारळ, शाल आणि अण्णासाहेबांच्या वकिलांचं न्यायदेवतेवर भाषण. मामा पेन्शन घेऊन घरी बसतील असं वाटलं, तर त्यांनी धुळाच्या मेंढ्या घेतल्या आणि दिवाळीनंतर नाणेघाटाकडं निघाले. ज्या माणसानं तीस वर्षं सावलीत नोकरी केली तो साठीला उन्हात गेला.

आणि तेव्हाच, अगदी तेव्हाच, मला तो पिक्चर सापडला. लाकूडमिल, सुतार, म्हातारा वकील, सगळं जुळलं. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. शेवट मी बघितला नाही. म्हटलं मामांसोबतच बघू. घाटघरला रेंज मिळत नाही म्हणून पिक्चर मोबाइलमध्ये उतरवून घेतला, बॅटरी शंभर टक्के केली, आणि सकाळच्या एस्टीनं गेले. या वयात, या गुडघ्यांनी, कुणासाठी मी असं केलं नसतं.

मामा गावाबाहेर एका कातळावर बसले होते. खांद्यावर घोंगडी, बाजूला कळप. मला बघून आनंदानं उठले. "श्रीमती टायपिंगवाल्या ताई, हाजिर!" मी पण म्हटलं, "हाजिर."

आम्ही कातळावर बसून पिक्चर बघितला. मेंढ्या चरत होत्या. म्हातारा वकील बोलला तेव्हा मामा पुन्हा रडले, मी पण रडले, खोटं कशाला बोलू. पंच आत गेले. बाहेर आले. एकानं चिठ्ठी उघडली, तोंड उघडलं, आणि मामांनी आपला रांगडा अंगठा स्क्रीनवर दाबला. पिक्चर थांबला.

"अहो मामा! एवढी पायपीट करून आले मी!"

"ऱ्हाऊ द्या, ताई."

"अहो, सतरा जणांना विचारलंत! वकील सोडला नाहीत, हवालदार सोडला नाहीत!"

त्यांनी कळपाकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "त्या रविवारी धुळा व्हता माझ्याकडं. माझ्या शेजारी बसून बघितला त्यानं. लाइट गेली तवा म्हनला, दादा, सुटला असंल का रं? मी म्हनलं, इचारतो कोर्टात. आन फुडल्या तारखेला तो चिंचेखाली बसला व्हता ना, पुकाऱ्याच्या आधी त्याला जाऊन सांगितलं. म्हनलं, सुटला. मॅडमनी सोता सांगितलं."

मामांनी कळपाबाहेर निघालेल्या एका मेंढीला हाक घातली.

"लई हसला तो. फुडं दर तारखेला निवांत यायचा. म्हनायचा, तिकडं सुटतोय तर हितं का न्हाई? त्याच खुशीत ग्येला." मामांनी मोबाइल पदरात टाकावा तसा माझ्या हातात ठेवला. "आता ह्यो डबडा काय बोलंल आन मला खोटं पाडंल. मी जन्मात एकदाच कोर्टाच्या नावानं खोटं बोललोय, ताई. तेवढं टिकू द्या."

मग त्यांनी मला दुधाचा चहा दिला, लसूण-मिरचीची चटणी आणि भाकरी दिली आणि एस्टीपर्यंत सोडायला आले. एस्टी वळणावर गेली तरी त्यांची मेंढ्यांना घातलेली हाक ऐकू येत होती.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. घरीच, झोपेत. मला कळलं ते चार दिवसांनी, एका पक्षकाराकडून. मी त्या दिवशी टेबल लावलं नाही.

आता कोर्टात नवीन शिपाई आहे. त्याचा आवाज पायरीच्या खाली उतरत नाही, म्हणून स्पीकर बसवलाय, आणि तो स्पीकर निम्म्या वेळा बंद असतो. श्री पुन्हा गेलं. "धुळ्या"सारखी नावं पुन्हा कागदावर आहेत तशीच पुकारली जातात. मी टाइप करते त्या प्रत्येक अर्जात मात्र दोन्ही बाजूंना श्री लावते. एक-दोन बड्यांनी खोडायला सांगितलं. मी म्हटलं, खोडायचे वेगळे पैसे पडतील.

आणि तो पिक्चर अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, त्याच जागी थांबलेला, पंचाचं तोंड उघडं. जुने पक्षकार तारखेला आले की चिंचेखाली मामांची आठवण निघतेच. मग कुणीतरी विचारतं, "ताई, त्या मामांच्या पिक्चरमधल्या काळ्या माणसाचं शेवटी काय झालं हो?"

मी टायपिंग थांबवत नाही.

"सुटला," मी सांगते. "मॅडमनी स्वतः सांगितलं."